बारीक अक्षरे

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. बोईसरच्या बाजारात आमच्या शेजारचा एक मुलगा भेटला. खाऊचे पैसे साठवून त्याने आपल्या चार महिन्यांच्या पिलासाठी खाद्याची पिशवी घेतली होती. "गुरुजी, पाहा ना, हिच्यावर केवढी मोठी कोंबडी आहे!" तो आनंदाने म्हणाला. मी चष्मा सावरून पिशवी उलटी केली. मागे बारीक अक्षरांत छापले होते, 'प्रौढ कुत्र्यांसाठी'. मुलाला वाचता येत होते. पण वाचून पाहावे, हे मात्र त्याच्या मनात आले नव्हते.

मुलांनो, पिशवीची पुढची बाजू विकणाऱ्याची आणि मागची बाजू घेणाऱ्याची, असे मी समजतो. पुढे चित्र असते, मागे माहिती असते. मोठी अक्षरे आपल्याला बोलावतात. बारीक अक्षरे आपल्याला सावध करतात.

प्रथम घटकांची यादी पाहावी. ज्याचे वजन सर्वांत अधिक, त्याचे नाव प्रथम लिहिण्याची रीत आहे. मका व तांदूळ आरंभी आणि कोंबडी पाचव्या-सहाव्या स्थानी असेल, तर त्या चित्राचे मोल काय, हे तुम्हीच ठरवा. मका किंवा तांदूळ वाईट नव्हे. माणसाच्या सहवासात राहून कुत्रा पिष्टमय अन्न पचवू लागला आहे. परंतु कोंबडीचे दाम देऊन मका घरी आणणे, हा काही शहाणपणाचा व्यवहार नव्हे.

दुसरी गोष्ट पाण्याची. आमच्या पालघरच्या किनाऱ्यावर बोंबील वाळत घालतात. ओला बोंबील पाण्याने भरलेला असतो. उन्हात वाळला की तोच हलका होतो. डब्यातील ओले खाद्य व पिशवीतील कोरडे खाद्य यांतही असाच भेद आहे. समजा, डब्यावर प्रथिने ८ टक्के व पाणी ८० टक्के लिहिले आहे. पिशवीवर प्रथिने २७ टक्के व पाणी १० टक्के. वरवर पाहता पिशवी श्रेष्ठ वाटेल. पण पाणी वजा करा. डब्यातील २० भागांत ८ भाग प्रथिने, म्हणजे ४० टक्के. पिशवीतील ९० भागांत २७ भाग, म्हणजे ३० टक्के! शाळेतील गणित असे बाजारात उपयोगी पडते.

तिसरी गोष्ट, खाद्य कोणासाठी आहे? अमेरिकेतील पशुखाद्य अधिकाऱ्यांच्या संघटनेच्या मानकानुसार खाद्याच्या कोरड्या भागात प्रौढ कुत्र्यासाठी निदान १८ टक्के, तर वाढत्या पिलासाठी निदान २२.५ टक्के प्रथिने असावीत. शिवाय ते खाद्य 'संपूर्ण आहार' आहे की केवळ 'पूरक', हेही पाहावे. पूरक खाद्यावर जनावराचे पोषण होत नाही.

कोणी म्हणेल, "आमचा कुत्रा भाकरीवर वाढला, ही वाचनाची उठाठेव हवी कशाला?" घरचे अन्न अवश्य द्यावे; पण पशुवैद्याला विचारून द्यावे. आपल्या रश्श्यात कांदा व लसूण असतात, आणि ते कुत्र्याला अपायकारक आहेत. द्राक्षे, मनुका व चॉकलेटही त्याला विषासमान आहेत. म्हणजे घरच्या पातेल्यावर चिठ्ठी नसली, तरी त्यात काय पडले आहे, हे पाहावेच लागते.

आपल्याला जेवण रुचले नाही, तर आपण बोलतो. कुत्रा पुढ्यात येईल ते खातो आणि कृतज्ञतेने शेपटी हलवतो. त्याचा आपल्यावर विश्वास असतो. म्हणूनच त्याच्या वतीने वाचणे, हे आपले कर्तव्य ठरते.

त्या दिवशी आम्ही दोघे दुकानात परत गेलो. दुकानदाराने पिशवी बदलून दिली. नवी पिशवी हाती येताच मुलाने प्रथम ती उलटी केली आणि वाचू लागला. पुढचे चित्र त्याने पाहिलेसुद्धा नाही.