टायर घेताना: दुकानात जाण्याआधी



लोखंडी धावेची चाके जाऊन बैलगाडीला रबरी चाके आली, तेव्हा गाडीवानाच्या कमरेला आणि बैलांच्या खांद्याला केवढे सुख झाले, हे घरातल्या जुन्या माणसांना विचारा. आता पुष्कळ घरांपुढे मोटार उभी असते. परंतु बियाण्याची पिशवी उलटसुलट करून तारीख वाचणारा आपला शेतकरी टायर मात्र दुकानदार देईल तो घेऊन येतो.

हा विषय काढण्याचे कारण म्हणजे एका वाचक भगिनीचे पत्र. मामंजींना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी जिल्ह्याच्या गावी न्यावे लागते, जाऊनयेऊन १२० किलोमीटर. परतताना त्यांच्या अंगात त्राण नसते, खड्ड्यागणिक कण्हतात. गाडी जुनी घेतलेली, टायर गोटा झालेले, आत घोंऽघों असा आवाज की बोललेले ऐकू येत नाही. धाकट्या दिरांचे म्हणणे, रुंद टायर आणि मोठ्या चकचकीत डिस्का टाकू, गाडी रस्त्याला चिकटून चालेल. दुकानदाराचाही त्याला रुकार आहे. काय करावे?

ताई, भाऊजींना थोडे थांबायला सांगा. मी शेतीचा पदवीधर, मोटारमिस्त्री नव्हे. पण गावोगावच्या रस्त्यांवर सरकारी जीपमध्ये इतकी वर्षे काढली आहेत की या प्रश्नाचे उत्तर माझी पाठच देईल.

दणका शोषतो कोण, ते आधी पाहू. रस्त्याचा धक्का प्रथम झेलते ती टायरातली हवा आणि टायरची बाजूची भिंत. शॉकअपची पाळी त्यानंतर. ही भिंत जितकी उंच, तितकी ती दबते आणि धक्का गिळते. तुमच्या टायरच्या अंगावर १६५/८० आर १४ असे काहीतरी लिहिलेले असेल. १६५ ही मिलिमीटरमधली रुंदी. ८० म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या शेकडा ८०, म्हणजे १३२ मिलिमीटर. १४ हा रिमचा इंची व्यास. आता भाऊजींची १५ इंची डिस्क घेऊन १८५/६५ चा टायर घातला, तर बाहेरचा घेर जवळजवळ तोच राहतो, पण भिंत १२० मिलिमीटरवर येते. डिस्क आणखी मोठी केली तर भिंत आणखी बुटकी. गाडी वळणावर घट्ट बसेल हे खरे, पण तुम्हाला मामंजींना आणायचे आहे, शर्यत लावायची नाही. शिवाय रुंद टायर आवाज जास्त करतो आणि पाणी साचलेल्या रस्त्यावर लवकर तरंगतो. तेव्हा गाडीच्या कारखान्याने दिलेले माप सोडू नका.

मापापुढे ८५ टी अशी खूण असते. ८५ म्हणजे एका टायरवर ५१५ किलो भार चालतो. टी म्हणजे ताशी १९० किलोमीटरची मर्यादा. या आकड्याच्या खाली कधीही जाऊ नये. उलट काही टायरांवर ‘एक्स्ट्रा लोड’ किंवा एक्सएल असे छापलेले असते. ते अंगाने ताठ असतात. गाडीला कारखान्याने तसलेच दिले नसतील, तर आरामासाठी ते नकोत.

पण नवे टायर घेण्यापूर्वी आवाज टायरचाच आहे ना, याची खात्री करा. नाहीतर पैसे जातील आणि घोंघों राहील. डांबरी रस्त्यावरून सिमेंटच्या रस्त्यावर गेल्यावर आवाज बदलला, तर तो टायरचा. स्टेअरिंग किंचित डावीउजवीकडे वळवल्यावर कमीजास्त झाला, तर चाकाच्या बेअरिंगचा संशय घ्या. गाडी उभी करून टायरच्या नक्षीवरून तळहात एकदा पुढे, एकदा मागे फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखे लागले, तर टायर वाकडे झिजले आहेत. तसे असेल तर अलाइनमेंट न करता घातलेले नवे टायरही तसेच झिजणार. बॉनेटचा कोपरा जोराने दाबून सोडा. गाडी एका हिंदोळ्यात स्थिर न होता डुलत राहिली तर शॉकअप गेले आहेत. त्यावर टायरचा इलाज नाही.

आणि हवा! पंक्चरवाला ‘भरू का चाळीस?’ विचारतो आणि आपण मान हलवतो. ड्रायव्हरच्या दारालगत खांबावर हवेचा तक्ता चिकटवलेला असतो. पुष्कळ लहान गाड्यांना ३० ते ३३ पौंडांच्या आसपास हवा लागते. टायर थंड असताना, म्हणजे सकाळी घरून निघताना मोजावी. जास्त भरली की टायर दगडासारखा उडतो. काहीजण मऊ चालावे म्हणून मुद्दाम कमी ठेवतात. तो मात्र जिवाशी खेळ आहे. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरात १२-१५ पौंड हवा शेतात चालते, कारण तिथे वेग नाही. मोटारीचा कमी हवेचा टायर वेगात वारंवार चेपून आतून तापतो आणि फुटतो. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला, तेव्हापासून आपल्याकडच्या गाड्यांना तासन् तास वेगात धावणे नवीन राहिले नाही. तिथे हा दोष लपत नाही. नायट्रोजनसाठी जादा पैसे मोजू नका. साध्या हवेतही शेकडा ७८ भाग तोच असतो.

आता टायरच्या वयाकडे वळू. बाजूच्या भिंतीवर एका लांबट चौकटीत चार आकडे असतात. १२२४ म्हणजे २०२४ सालच्या बाराव्या आठवड्यात बनलेला. बियाण्याच्या पिशवीवरचा टॅग वाचता, तसे हे वाचा. रबर पडून पडूनही कडक होते आणि कडक रबर दणकाही देते, आवाजही करते. ‘जुना स्टॉक आहे, स्वस्तात लावतो’ असे म्हणणाऱ्याला नमस्कार करावा. आपल्या गाड्या वर्षभरात थोड्याच धावतात, उन्हात मात्र रोज उभ्या असतात. म्हणून नक्षी शाबूत दिसली तरी पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी तपासून घ्यावा आणि दहा वर्षांच्या पुढे वापरूच नये. नक्षीची खाच १.६ मिलिमीटरवर आली की कायद्यानेही टायर बाद. खाचेच्या तळाशी लहान उंचवटे असतात, त्यांच्या बरोबरीला रबर आले की ओळखावे.

नक्षी कोणती घ्यावी? मोठ्या ठोकळ्यांचे, जंगली दिसणारे टायर तरुणांना आवडतात. डांबरावर ते भुंग्यासारखे गुणगुणतात. बारीक, दाट आणि कमीजास्त मापाच्या ठोकळ्यांची नक्षी शांत चालते, कारण सगळे ठोकळे एकाच सुरात आपटत नाहीत. ‘कम्फर्ट’ किंवा ‘टूरिंग’ म्हणून विकतात ते टायर मागा. घरापासून सडकेपर्यंत किलोमीटरभर मुरुमाचा रस्ता असला तरी हेच चालतील. टोकदार दगडांचीच वाट असेल, तर मऊ भिंतीला कापा पडण्याची धास्ती असते. तिथे साधा टायर बरा. बाभळीच्या काट्याला दोन्ही सारखेच.

२०२२ साली केंद्र सरकारने टायरांसाठी नियम काढले. ओल्या रस्त्यावरची पकड आणि इंधनाला भार होणारी लोळण यांच्याबरोबर आवाजावरही मर्यादा घातली. दुकानदार ते पुढे करील. पण तो आवाज गाडीबाहेर, रस्त्याकडेला मोजतात. आत बसलेल्याला किती ऐकू येईल हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी तुमच्याच जातीच्या गाडीला तो टायर घातलेला माणूस गाठावा आणि दहा किलोमीटर त्याच्या शेजारी बसून यावे. आणि सिमेंटच्या रस्त्याचा आवाज कोणताही टायर पुरता घालवणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

ताई, चारही टायर एकदम घेणे झेपले तर उत्तम. दोनच घेता आले, तर नवी जोडी मागे घाला. दुकानदार पुढे घाला म्हणेल. पुढची चाके घसरली तर स्टेअरिंगमध्ये जाणवते, वेग कमी करता येतो. ओल्या रस्त्यावर मागची सुटली की गाडी गरकन फिरते आणि सावरत नाही. बसवताना बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट करूनच उठा, पावतीवर टायरचे नंबर घाला, आणि पहिले दोन-तीनशे किलोमीटर हात आखडून चालवा, कारण नव्या रबराची पकड लगेच येत नाही. जुन्यांपैकी त्यातल्या त्यात बरा टायर स्टेपनीला ठेवून तिची हवाही तपासा. डायलिसिसची वेळ पंक्चरसाठी थांबत नाही.