शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाचे चालू उत्पन्न धरण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. प्रधान सचिव, उच्च व तंत्र शिक्षण विभाग, मंत्रालय, मुंबई
मा. जिल्हाधिकारी, मुंबई उपनगर जिल्हा, वांद्रे (पूर्व), मुंबई

विषय : वडिलांनी कुटुंब सोडलेले असणे, नोकरी जाणे, ठेवी अडकणे अशा परिस्थितीतील विद्यार्थ्यांना उत्पन्नाचा दाखला व शिक्षण शुल्क सवलत मिळण्याबाबत.

महोदय/महोदया,

आम्ही अंधेरी, बोरिवली, मुलुंड आणि घाटकोपर येथे राहणारे पदवी व व्यावसायिक अभ्यासक्रमांचे विद्यार्थी आणि त्यांचे पालक आहोत. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेचा लाभ कुटुंबाच्या आठ लाखांच्या वार्षिक उत्पन्न मर्यादेपर्यंत मिळतो. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने याच मर्यादेतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. या निर्णयांबद्दल आम्ही शासनाचे आभारी आहोत. मर्यादा वाढवून मिळावी, अशी आमची मागणी नाही. घरात जो पैसा येतच नाही, तो आमच्या उत्पन्नात मोजला जाऊ नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.

दाखला मागील आर्थिक वर्षाच्या उत्पन्नाचा मिळतो, शुल्क मात्र यंदाचे भरायचे असते. नोकरी सुरळीत असेल तर या अंतराने काही बिघडत नाही. ती गेली की सगळेच बिघडते. जेट एअरवेजचे उदाहरण अंधेरीकरांना नव्याने सांगायला नको. १७ एप्रिल २०१९ च्या रात्री अमृतसरहून मुंबईकडे निघालेले विमान त्या कंपनीचे शेवटचे ठरले. विमानतळाच्या आसपासच्या वस्त्यांत राहणाऱ्या अनेक घरांचा पगार त्या सुमारास थांबला आणि दोनच महिन्यांत प्रवेशाचा हंगाम सुरू झाला. त्या वेळी हातात असलेला फॉर्म सोळा २०१८-१९ चा, म्हणजे नोकरी असतानाचा होता. त्या कागदाप्रमाणे कुटुंब सुस्थितीत होते. २०१९ मध्ये अभियांत्रिकीला गेलेले मूल २०२३ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडले. कंपनी अवसायनात काढण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश ७ नोव्हेंबर २०२४ रोजी आला. बापाच्या थकलेल्या पगाराचा निकाल लागेपर्यंत मुलाचे शिक्षण संपूनही गेले होते. ते कर्जावर झाले की आईच्या दागिन्यांवर, याची नोंद कोणत्याच पोर्टलवर नाही.

नोकरी सुटताना एकरकमी मिळणारी रक्कम हाही असाच तिढा आहे. स्वेच्छानिवृत्तीची रक्कम, ग्रॅच्युइटी, रजेचा पगार हे सारे एकाच वर्षात खात्यावर जमा होते. त्या वर्षीचा आकडा फुगतो आणि मूल अपात्र ठरते. ही रक्कम पुढची दहा-पंधरा वर्षे पुरवायची असते, हे दाखला देणाऱ्या कर्मचाऱ्यालाही ठाऊक असते. पण त्याच्यासमोरच्या नमुन्यात तसा रकानाच नाही, तर तो तरी काय करणार?

आता ठेवींबद्दल. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेचे मुख्यालय आमच्या भांडुपमध्ये होते. २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध घातले, तेव्हा ठेवीदाराला आरंभी फक्त एक हजार रुपये काढता येत होते. जानेवारी २०२२ मध्ये बँकेचे युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीनीकरण झाले, तरी मोठ्या ठेवींच्या परतफेडीची मुदत दहा वर्षांपर्यंत लांबली. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, तेव्हा उपनगरातल्या ठेवीदारांना हाच अनुभव पुन्हा आला. आम्ही नोकरदार आणि निवृत्त माणसे मुलांच्या शिक्षणाचा पैसा सहकारी बँकेत ठेवतो, कारण ती घराजवळ असते आणि काउंटरवरचा माणूस ओळखीचा असतो. ठेव अडकली की ती पासबुकात दिसते, पण तिच्यातून शुल्क भरता येत नाही.

घराचेही तसेच आहे. पुनर्विकासात गेलेल्या इमारतीतल्या कुटुंबाला बिल्डर दरमहा भाडे देतो आणि ते भाडे जसेच्या तसे दुसऱ्या घरमालकाकडे जाते. ते त्या कुटुंबाचे उत्पन्न म्हणता येणार नाही. बिल्डरने भाडे थांबवले तर काय होते, हे गोरेगावच्या पत्रा चाळीतल्या ६७२ कुटुंबांना विचारावे.

मात्र आमच्यातल्या सर्वाधिक कुटुंबांची अडचण वेगळी आहे आणि ती सांगताना संकोच वाटतो. वडील हयात आहेत, पण घरात नाहीत. कोणी दुसरा संसार थाटला, कोणी नुसतेच निघून गेले. वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात पोटगीचा अर्ज पडून आहे, किंवा आदेश झाला आहे आणि एक पैसाही मिळत नाही. शिष्यवृत्तीसाठीच्या महाडीबीटी पोर्टलवरील अर्जात वडील हयात आहेत का, असा प्रश्न येतो. उत्तर होय किंवा नाही, एवढेच देता येते. ‘नाही’ लिहिले तर मृत्यूचा दाखला लागतो. ‘होय’ लिहिले की आई-वडिलांच्या एकत्रित उत्पन्नाचा पुरावा लागतो. आमच्यातल्या एका मुलीला महाविद्यालयाच्या खिडकीवर सांगण्यात आले, ‘वडील आहेत ना? मग त्यांचा फॉर्म सोळा घेऊन ये.’ वडिलांनी चार वर्षांत तिचा फोन उचललेला नाही. रांगेत मागे उभ्या असलेल्या वर्गमित्रांसमोर हे सांगणे तिला जमले नाही आणि ती पूर्ण शुल्क भरण्याच्या रांगेत जाऊन उभी राहिली. तिची आई दोन घरी स्वयंपाक करते.

अशा स्त्रीची ओळख शासनाला नाही, असे मुळीच नाही. संजय गांधी निराधार अनुदान योजनेच्या लाभार्थ्यांत घटस्फोटाच्या प्रक्रियेतील आणि पोटगी न मिळणाऱ्या स्त्रियांचा स्पष्ट उल्लेख आहे. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेत परित्यक्ता हा स्वतंत्र गट आहे, शिवाय पिवळे वा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाच्या दाखल्याचीही सूट दिली होती. आईला ज्या ओळखीवर अनुदान मिळते, त्याच ओळखीवर तिच्या मुलीला शुल्क सवलत का मिळू नये? नॉन-क्रीमीलेअरच्या निकषात तर पगार व शेतीचे उत्पन्न वेगळ्या पद्धतीने धरले जाते. म्हणजे उत्पन्न मोजण्याच्या एकाहून अधिक रीती शासनाने पूर्वीच मान्य केल्या आहेत. अमेरिकेच्या उच्च शिक्षण कायद्यानेही महाविद्यालयातल्या आर्थिक साहाय्य अधिकाऱ्याला असा अधिकार दिला आहे. नोकरी गेली, आईवडील विभक्त झाले, आजारपणाचा मोठा खर्च आला, तर कागदपत्रे पाहून तो त्या एका विद्यार्थ्यापुरते उत्पन्न नव्याने ठरवू शकतो.

यावर गैरफायद्याची शंका घेतली जाईल. ती रास्त आहे. पण आज फायदा कोणाला होतो, तेही पाहावे. रोखीत धंदा करणारा स्वयंघोषणापत्रावर आपले उत्पन्न आठ लाखांच्या आत बसवू शकतो. पगारदाराला तसे करता येत नाही आणि पगार थांबल्याचे सिद्धही करता येत नाही. आम्ही तर अधिक कागद द्यायला तयार आहोत.

आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

१. प्रवेशाच्या वर्षात नोकरी गेली, धंदा बंद पडला किंवा कमावत्या पालकाचा मृत्यू वा गंभीर आजार झाला, तर मागील वर्षाऐवजी चालू उत्पन्नावर दाखला द्यावा. कार्यमुक्तीचे पत्र, भविष्य निर्वाह निधीचा उतारा, मागील सहा महिन्यांचे बँक विवरण हे पुरावे ग्राह्य धरावेत.

२. एकरकमी निवृत्तीलाभ, पुनर्विकासातील भाडे आणि निर्बंधांमुळे काढता न येणाऱ्या ठेवींवरचे व्याज उत्पन्नातून वगळावे.

३. महाडीबीटीच्या अर्जात ‘पालक हयात, परंतु विभक्त अथवा संपर्कात नाहीत’ असा तिसरा पर्याय द्यावा. तो निवडणाऱ्या विद्यार्थ्याकडून ज्या पालकाकडे तो राहतो त्याच्याच उत्पन्नाचा दाखला घ्यावा. पोटगीच्या वा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखालील अर्जाची प्रत पुरावा म्हणून चालावी. न्यायालयात जाणे ज्या आईला परवडले नाही, तिच्याबाबत तलाठ्याची स्थानिक चौकशी पुरेशी मानावी. घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची सक्ती करू नये, कारण तो मिळेपर्यंत पदवी संपते. पोटगी प्रत्यक्ष मिळत असेल तर तेवढीच रक्कम उत्पन्नात धरावी.

४. अंधेरी, बोरिवली व कुर्ला या तिन्ही तहसील कार्यालयांत जून ते सप्टेंबर या काळात अशा प्रकरणांसाठी एक नायब तहसीलदार नेमावा. मुलुंड-घाटकोपरचे विद्यार्थी कुर्ला तालुक्यात येतात. त्यांना कोणते कागद कुठे द्यायचे, ते मराठीत फलकावर लिहावे. दाखला नाकारला तर कारण लेखी द्यावे, म्हणजे लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अपील करता येईल.

५. केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या (कॅप) फेरीत जागा मिळाल्यावर प्रवेश निश्चित करायला जेमतेम तीन-चार दिवस मिळतात, दाखल्याची विहित मुदतच पंधरा दिवसांची आहे. म्हणून अर्जाच्या पावतीवर तात्पुरता प्रवेश द्यावा आणि तोवर पूर्ण शुल्क मागू नये, असे महाविद्यालयांना कळवावे. माहिती खोटी निघाल्यास शुल्क व्याजासह वसूल करावे. तसे हमीपत्र आम्ही आजच लिहून देतो.

६. ही चौकशी महाविद्यालयाच्या खिडकीवर न करता बंद खोलीत करावी.

पहिल्या तीन मागण्यांसाठी शासन निर्णयात दुरुस्ती लागेल, याची आम्हाला जाणीव आहे. चौथी मागणी मा. जिल्हाधिकाऱ्यांच्या पातळीवर आणि शेवटच्या दोन विभागाच्या परिपत्रकाने याच प्रवेश फेरीपासून अमलात येऊ शकतात. त्यांवर तीस दिवसांच्या आत निर्णय कळवावा आणि उरलेल्या मागण्यांवर चर्चेसाठी आमच्या पाच प्रतिनिधींना वेळ द्यावी, ही विनंती. प्रतिनिधींत किमान दोन विद्यार्थी असतील. परीक्षेचे वेळापत्रक पाहून तारीख दिल्यास सोयीचे होईल.

आपले विश्वासू,
अंधेरी, बोरिवली, मुलुंड व घाटकोपर येथील विद्यार्थी व पालक
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)

प्रत माहितीसाठी :
१. मा. आयुक्त, राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष, मुंबई
२. तहसीलदार, अंधेरी, बोरिवली व कुर्ला