फरशी बसविण्यापूर्वीं

घराच्या दुरुस्तीचा विषय शेतकीच्या मासिकांत कशाला, असें कोणी वाचक विचारील. त्यास आमचें उत्तर असें कीं, भात विकून शेतकऱ्याच्या हातीं जें कांहीं उरतें, किंवा मुंबईचा मुलगा सणाला येतांना जें घेऊन येतो, त्याचा मोठा वांटा हल्लीं जमिनीवरच खर्च होतो. मात्र ती जमीन सात-बाऱ्यावरची नसून पायाखालची असते. फुटलेला बांध पुढील सालीं पाहूं असें म्हणणारा गृहस्थ माजघराच्या टाइलांसाठीं पीककर्जाची रक्कम मोडतो. कचेरींत तीस वर्षें कारकुनी केल्यामुळें अशीं उदाहरणें आमच्या नजरेखालून पुष्कळ गेलीं आहेत, आणि त्यांपैकीं एक आमचें स्वतःचेंच आहे. म्हणून हा लेख.

आमच्या शिवथरच्या खोऱ्यांतील जुनीं घरें बहुतेक एकाच घडणीचीं आहेत. काळ्या दगडाचें जोतें, मातींत रचलेल्या भिंती, लांकडी खांब, प्रत्येक खांबाखालीं घडीव तळखडा आणि वर कौलें. पुढें ओटी, मग माजघर, आणि मागें, डोंगराच्या अंगास, स्वयंपाकघर. जमीन चोपून सारवलेली. या घरांवर वर्षास तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक पाऊस पडतो. बाहेरच्या लोकांस आमचें खोरें समर्थांच्या घळीमुळें ठाऊक आहे; १९३० सालीं धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनीं ती शोधून काढली. श्रावणांत जो कोणी घळींत उतरला असेल त्यानें तेथें दगडासही घाम फुटलेला पाहिला असेल. त्याच हवेंत आणि त्याच डोंगराच्या पायथ्याशीं आपण माजघराला टाइल बसवीत आहों, ही गोष्ट टाइल निवडतांना कोणाच्या ध्यानीं येत नाहीं.

आमच्याही आली नाहीं. घर आजोबांच्या वेळचें. २०१७ सालच्या ज्येष्ठांत, मृग तोंडावर आला असतां, आम्हीं माजघर व स्वयंपाकघर या दोहोंस चकचकीत टाइल बसविली. खालची जुनी जमीन खणावी कीं नाहीं, असें आम्हीं गवंड्यास विचारलें. तो म्हणाला, "भाऊसाहेब, खालचं कोण बघतंय? वरचं काम चोख करून देतो." गणपतीपूर्वीं काम व्हावें ही घाई आमचीच होती, तेव्हां सगळा दोष त्याच्या माथीं मारणें न्यायाचें होणार नाहीं. चोपलेल्या जमिनीवरच चार बोटें काँक्रीट पडलें, त्यावर टाइल बसली, आणि तळखडे त्यांत बुडाले. त्या सालीं आरतीस आलेली मंडळी देवाकडे कमी आणि खालीं अधिक पाहत होती, व आम्हांस त्याचा संतोष वाटत होता.

पहिल्याच पावसाळ्यांत टाइलीवर पाणी सुटूं लागलें. दुसऱ्या वर्षीं भिंतींचा गिलावा हातभर उंचीपर्यंत फुगून आला. २०२२ सालीं मधल्या खांबाशीं वाळवी दिसली म्हणून टाइल फोडली, तों खांबाचा बुंधा बोटांनीं चुरतां येईल असा झालेला. आजोबांच्या वेळेपासून जो खांब तळखड्यावर कोरडा उभा होता, तो पांच पावसाळ्यांत गेला.

यांत गूढ असें कांहीं नाहीं. दिव्याची वात जशी तेल वर ओढते, तशी बारीक माती खालचें पाणी वर ओढते. सारवलेल्या जमिनींतून तें सगळीकडून थोडें थोडें वर येऊन हवेंत उडून जात असे. जमीन दमट राही, परंतु पाणी एके ठिकाणीं कोंडलें जात नसे. तिच्यावर सिमेंटाचें झांकण पडलें म्हणजे पाण्याची वाट बंद होते, पाणी बंद होत नाहीं. तें मग भिंतींत व खांबांत शिरतें. दुसरें असें कीं, टाइल थंड असते. थंड पाण्याच्या तांब्यास बाहेरून थेंब धरतात, तसे आषाढांतल्या दमट हवेचे थेंब तिच्यावर धरतात. शेणामातीची जमीन हे थेंब पिऊन टाकी. टाइल पीत नाहीं. एक पाणी खालचें आणि एक वरचें. दोहोंचे उपाय निरनिराळे असतां बहुतेक गवंडी दोहोंवर एकच उपाय सांगतात, तो म्हणजे आणखी सिमेंट.

जमीन सुधारणेच्या कर्जाचा १८८३ चा कायदा आमच्या खात्यांतील जुन्या लोकांच्या तोंडीं असे. सुधारणा म्हणजे काय हें सांगतांना त्या कायद्यानें विहिरी व तलाव यांच्या बरोबरीनें पाण्याच्या निचऱ्याचीही गणना केली आहे. शेतांत पाणी तुंबलें तर चर काढावा, हें शेतकऱ्यास कोणीं शिकवावें लागत नाहीं. तोच शेतकरी घराच्या उंबरठ्याच्या आंत आला कीं निचरा विसरतो, आणि दुकानांतील टाइलीचा रंग पाहूं लागतो.

या विस्मरणाची किंमत खांबावरच भागली तर नशीब समजावें. शेजारच्या वाडींत एक काकी एकट्या राहतात. दोन्ही मुलगे मुंबईस. त्यांनीं आईस सुख व्हावें म्हणून पदरचे पैसे घालून घर सुधारलें, आणि ओटीपासून मोरीपर्यंत आरशासारखी टाइल घातली. ऐन लावणीच्या दिवसांत काकी चुलीपुढून उठून मोरीकडे जातांना घसरल्या व त्यांचें खुब्याचें हाड मोडलें. त्या सालीं त्यांचें भात लागलें नाहीं. तरवा खाचरांतच पिवळा पडला. मुलांच्या मायेंत उणें कांहीं नव्हतें. परंतु वर्षांतून बारा दिवस राहणारांनीं टाइल निवडली, आणि बारा महिने राहणारीस कोणी विचारलें नाहीं.

मग शेणाची जमीनच बरी, असें शहरांतून आलेले पाहुणे आम्हांस सांगतात. त्यांनीं ती चार दिवस पाहिलेली असते. हा लेख आम्हीं घरांत वाचून दाखविला तेव्हां येथवर येतांच आंतून प्रश्न आला, "तुम्ही कधीं सारवलंत का?" आम्हीं सारवलें नाहीं. आठ-पंधरा दिवसांनीं गुडघ्यांवर बसून सारा सोपा सारवणें, पावसाळा सरल्यावर उखणलेली जमीन पुन्हां चोपणें, हें काम पुरुषांनीं कधीं मोजलें नाहीं म्हणून तें स्वस्त वाटतें. आतां गोठ्यांत गुरेंही पूर्वींइतकीं नाहींत. तेव्हां फरशी हवी, याविषयीं आमचा वाद नाहीं. बासेल मिशननें १८६५ सालीं मंगळुरांत कौलांचा कारखाना काढला. तीं कौलें कोंकणांत आलीं तेव्हां तींही नवींच होतीं, आणि आज आपण त्यांस जुनीं म्हणतों. नवी वस्तु आपल्या पावसाला मानवली पाहिजे, एवढेंच आमचें म्हणणें.

आमची फजिती झाल्यावर जाणत्या गवंड्यांस विचारून आम्हांस जें समजलें तें येथें देतों. पहिला पैसा घराबाहेर खर्च करावा. मागच्या भिंतीपासून दोन हात सोडून, आंतल्या जमिनीहून हातभर खोल असा चर काढावा व त्याचें पाणी उताराला लावावें. पागोळ्यांचें पाणीही त्यांतच जाईल असें करावें. भिंतीस लागून मात्र खणूं नये, पाया उघडा पडतो. नंतर आंतली जुनी माती दीड फुटापर्यंत काढावी; तेथेंही भिंतीच्या व तळखड्यांच्या कडेस उतार राखावा. तळाशीं मुरूम चोपून त्यावर नऊ इंच जाडीचा गोट्यांचा थर रचावा, आणि त्याच्या फटींत माती किंवा दगडाची भुकटी भरूं देऊं नये. बारीक मातींतून पाणी चढतें, गोट्यांमधल्या मोठ्या फटींतून चढत नाहीं. साऱ्या कामाचें मर्म या नऊ इंचांत आहे, आणि नेमका हाच थर गाळण्याकडे मजुरांचा कल असतो, कारण तो नंतर दिसत नाहीं. त्या दिवशीं मालकानें स्वतः उभें राहावें. गोट्यांवर बारीक खडी, तिच्यावर तीन-चार इंच काँक्रीट, आणि वर शहाबादी फरशी, तीही पॉलिश न केलेली. ती थोडें पाणी पिते व पाय धरून ठेवते. कोणास टाइलच हवी असेल तर खरबरीत पृष्ठाची घ्यावी. प्रत्येक तळखड्याभोंवतीं चार बोटें जागा सोडून तींत वाळू भरावी, आणि तळखड्याचा माथा फरशीच्या वर राहील असें पाहावें. मातींत रचलेल्या भिंतीस सिमेंटचा गिलावा करूं नये. चुन्याचा करावा, म्हणजे भिंत वाळत राहते. भाताचीं पोतीं मात्र कोणत्याही फरशीवर थेट टाकूं नयेत, खालीं फळ्यांचें मांचण असावें.

आतां स्वयंपाकघर. पैसा थोडा असेल तर तो येथें आधीं लागावा, माजघर थांबूं शकतें. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०२० या एका सालांत घरांतील धुरामुळें जगांत सुमारें ३२ लाख माणसें दगावलीं. सरकारनें १९८३ सालीं सुधारलेल्या चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला, १ मे २०१६ रोजीं उज्ज्वला योजना सुरू केली. तरी आमच्याकडे सिलिंडर कोपऱ्यांत आणि न्हाणीचें पाणी चुलीवर, असा प्रकार पुष्कळ घरीं आहे. त्यास आमची हरकत नाहीं. लांकूड परसांतलें, सिलिंडर विकतचा. परंतु ती चूल आंत नसावी, मागल्या पडवींत न्यावी, आणि स्वयंपाकघराच्या भिंतींत वरच्या बाजूस धूर व वाफ जाण्यास झरोका ठेवावा. एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाहीं. चुलीचा धूर वाशांवर बसून त्यांस भुंग्यापासून राखीत असे. चूल गेली कीं दोन-चार वर्षांत वाशांखालीं पिवळी पूड पडूं लागते. म्हणून चूल काढतांना वाशांस काजूच्या टरफलांचें तेल द्यावें. तें कातडी भाजतें, हात झांकून काम करावें. ओट्याची उंची गवंड्याच्या सवयीनें ठरूं देऊं नये. जिला तेथें उभें राहावयाचें तिला उभी करून, कोपर वांकवून, कोपराखालीं चार-पांच बोटांवर खूण करावी. यास खर्च कांहीं नाहीं.

मागें जागा पुरत नाहीं म्हणून स्वयंपाकघर डोंगरांत सरकविण्याची एक नवी रीत पडत आहे. जेसीबीनें एका दुपारीं दोन पुरुष उंचीची उभी कड कापली जाते. आमच्याच तालुक्यांत २२ जुलै २०२१ रोजीं तळीयें येथें दरड कोसळून वाडीची वाडी गाडली गेली. तो अनर्थ अतिवृष्टीनें झाला, कोणाच्या स्वयंपाकघरानें नव्हे; पण तें पाहिल्यावरही ज्यास घरामागची कड उभी कापवते त्याच्या धैर्याची आम्हांस भीति वाटते.

कारकुनी स्वभावास अनुसरून आणखी एक सूचना. आपल्याकडचें बहुतेक जुनें घर भावाभावांचें सामाईक असतें, आणि ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्यें पुष्कळदां मयत आजोबांचेंच नांव असतें. एक भाऊ पदरमोड करून फरशी घालतो, आणि दहा वर्षांनीं वांटणीच्या वेळीं म्हणतो कीं स्वयंपाकघर माझें. दुसरा म्हणतो, तुला कोणीं घालावयास सांगितलें होतें? दोघांचेंही म्हणणें त्यांच्या परीनें खरें असतें, आणि वकिलांचें घर मात्र सुधारतें. नमुना ८ ची नोंद कर-आकारणीसाठीं आहे. खर्च केल्यानें तींत हक्क चढत नाहीं. २४ एप्रिल २०२० रोजीं सुरू झालेल्या स्वामित्व योजनेखालीं ड्रोननें गांवठाणें मोजलीं जातात. आपल्या गांवची मोजणी झाली असल्यास मिळकत-पत्रिकेवर कोणाचीं नांवें आलीं हें काम काढण्यापूर्वीं पाहावें. आणि खर्च कोणीं किती केला व वांटणींत तो कसा धरावयाचा, हें सर्व भावांच्या सह्यांनिशीं एका कागदावर घ्यावें. सख्ख्या भावाकडे कागद मागावयास लाज वाटते खरी.

आमच्याकडील काम येत्या माघांत, रस्ते कोरडे असतांना, काढण्याचें ठरलें आहे. खांबाचा कुजलेला बुंधा कापून तेवढ्याच उंचीचा घडीव दगड खालीं बसवावयाचा, तोंवर तुळईस टेकू द्यावयाचे, आणि माजघर पुन्हां मुळापासून करावयाचें. ओढ्यांतले गोटे उचलण्यास परवानगी लागते हें आम्हांस चांगलें ठाऊक असल्यामुळें पडक्या गोठ्याचेच दगड वापरणार आहों. टाइल काढतांना जी अखंड निघेल ती न्हाणीच्या भिंतीस लावावी, असें घरांतून सुचविण्यांत आलें आहे.