पट्टी उतरवा, बॉक्स फिरवा

आमच्या राहूबेटात घसा बसलेल्या माणसाला मान असतो. सप्ताहाच्या सहाव्या-सातव्या दिवशी ज्याच्या तोंडून नुसती हवा निघते त्याच्याकडं बघून बायाबापड्या म्हणतात, "लई सेवा केली बरं का यंदा." लहानपणापासून हे ऐकत आलो. दोन वर्षांपूर्वीपर्यंत मलाही ते बरोबरच वाटायचं.

माझे चुलते, ज्यांना सगळं घर नाना म्हणतं, चाळीस वर्षं भजनात चाल म्हणत आले. दिवसा गुऱ्हाळावर चुलवाणाच्या धुरात उभं राहायचं आणि रात्री देवळात काळी चारमध्ये गायचं. तीन वर्षांपूर्वी त्यांचा वरचा सूर फाटायला लागला, मग खालचाही. फोनवर त्यांचा आवाज मला ओळखू येईना. ज्येष्ठमध झाला, खडीसाखर झाली, हळद-दूध झालं, कुणीतरी सांगितलं म्हणून काळी मिरी चघळून झाली. यातलं काहीही स्वरपट्ट्यांना स्पर्शसुद्धा करत नाही, कारण आपण गिळतो ते अन्ननलिकेत जातं आणि स्वरपट्ट्या श्वासनलिकेच्या तोंडाशी असतात. घशाला बरं वाटतं, एवढंच. शेवटी त्यांना पुण्याला नेलं. डॉक्टरांनी दुर्बीण घालून पडद्यावर दाखवलं: दोन्ही पट्ट्यांवर समोरासमोर दोन गाठी. खुरप्याच्या मुठीनं तळहाताला घट्टा पडतो तसाच प्रकार. पट्ट्या जिथं सगळ्यात जोरात एकमेकींवर आपटतात तिथंच तो होतो. ऑपरेशनचं नंतर बघू, डॉक्टर म्हणाले, आधी स्पीच थेरपी घ्या, आवाज जपा, कुजबुजूसुद्धा नका. नानांनी एकच विचारलं, "मग सप्त्यात गायचं कसं?"

याचं उत्तर शोधायला मी पुण्यातल्या एका दोन दिवसांच्या 'व्हॉइस ट्रेनिंग' कार्यशाळेला गेलो. एसी हॉल, साठेक माणसं, फी साडेचार हजार. माझ्यासारखे आयटीवालेच जास्त, कराओकेवर गाणारे. शिकवणाऱ्यांचा स्वतःचा आवाज सुरेख होता, खोटं कशाला बोलू. पण दोन दिवस जे ऐकलं ते असं: आवाज नाभीतून काढा, पोटातून गा, सूर कपाळात ठेवा, घसा विसरा. पोटातून आवाज निघत नाही हो! श्वासपटल हा मुळात श्वास आत घेण्याचा स्नायू आहे. गाताना हवा किती हळू सोडायची ते बरगड्यांचे आणि पोटाचे स्नायू ठरवतात, आणि आवाज होतो तो गळ्यातल्या जेमतेम दीड-दोन सेंटीमीटरच्या दोन घड्यांमध्ये. 'पोटातून गा' ही उपमा आहे. उपमा शिकवायला हरकत नाही, पण ती शरीरशास्त्र म्हणून विकू नये. मानवेल गार्सिया नावाच्या गाण्याच्या शिक्षकानं 1854 साली दोन आरसे आणि सूर्यप्रकाश वापरून स्वतःचं स्वरयंत्र गाताना पाहिलं होतं. तेव्हापासून हे गुपित उरलेलं नाही.

ओठ फुरफुरवत सूर लावणं, स्ट्रॉमधून गुणगुणणं हे दोन व्यायाम तिथं शिकवले, आणि ते खरोखर कामाचे आहेत. तोंड अर्धवट बंद असलं की आतला दाब पट्ट्यांना सांभाळून घेतो आणि त्या कमी जोरानं आपटतात. नानांच्या थेरपिस्टनीही पुढं हेच दिले. पण साठ माणसांतल्या एकालाही कुणी विचारलं नाही की तुझा घसा दुखतो का, दिवसाला किती तास बोलतोस, शिक्षक आहेस की कॉल सेंटरला. बाया-पुरुष सगळ्यांना एकाच सुरात ओंकार लावायला सांगितलं. माझ्या शेजारच्या बाई खाली घोगरं होऊन गात होत्या आणि मी वर ताणत होतो. लॉग न बघता प्रॉडक्शनवर पॅच टाकणाऱ्याला आम्ही ऑफिसात काय म्हणतो ते इथं लिहीत नाही.

मराठीत ही विद्या नव्यानं आलेली नाही. प्रा. बी. आर. देवधरांनी गेल्या शतकात मुंबईत आवाजाच्या जोपासनेचा शास्त्र म्हणून विचार केला आणि डॉ. अशोक रानडे यांनी तो पुढं नेला. म्हणजे शहाणपण घरात होतं. ते राहूपर्यंत का पोचलं नाही, हा माझा खरा राग आहे. शहरात ते वीकेंडचा छंद झालं, आणि ज्यांना त्याची रोजीरोटीइतकी गरज आहे त्यांना आपण ज्येष्ठमध दिला.

आणि गरज कुणाला आहे ते मोजता येतं. काळी एकचा तार षड्ज साधारण 277 हर्ट्झ, काळी चारचा 415. म्हणजे वरचा सा लावला की नानांच्या पट्ट्या सेकंदाला 415 वेळा एकमेकींवर आपटतात. गाण्याची सरासरी 200 धरली तरी तासाला सात लाख वीस हजार टाळ्या झाल्या. आठ दिवसांचा सप्ताह, पहाटे काकडा, दुपारी भजन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तनामागं टाळकरी म्हणून उभं राहायचं आणि वर जागर. ट्रॅक्टर इतका वेळ चालवला तर आपण ऑइल बघतो.

तरी पट्टीपेक्षा मोठा चोर दुसराच आहे, आणि त्याच्याबद्दल कार्यशाळेत अवाक्षर निघालं नाही. तो म्हणजे साऊंड. आमच्याकडं सगळे बॉक्स गावाकडं तोंड करून असतात. पार नदीपल्याड ऐकू गेलं पाहिजे ना! गाणाऱ्याला ऐकू येतो तो शेजारचा पखवाज आणि कानाशी वाजणारे तीस टाळ. स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. स्वतःचं ऐकू आलं नाही की माणूस आपोआप जोर वाढवतो; हे एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरानं 1911 मध्ये नोंदवलं, आणि त्याला आजही लोंबार परिणाम म्हणतात. तो इच्छाशक्तीनं थांबत नाही. 'जपून गा' असं सांगून उपयोग शून्य. एक लहान बॉक्स मंडळीकडं वळवला तर निम्मं काम होतं. माईक आल्यावर गळ्याचं ओझं कमी व्हायला हवं होतं. आपण ते वाढवून दाखवलं.

हे सगळं मी मागच्या चैत्रात मंडळाच्या बैठकीत मांडलं. आधी हशा झाला. "पट्टी उतरली की भजन उतरतं," एक जण म्हणाले. दुसरे म्हणाले, पुण्याला राहून पोरगं नाजूक झालं. यावर माझ्याकडं उत्तर होतं. ज्या कुमार गंधर्वांची नावं आपण निर्गुणी भजनासाठी घेतो, त्यांना 1947 मध्ये क्षयानं गाठलं, पाचेक वर्षं गाणं बंद राहिलं आणि नंतर जवळपास एका फुप्फुसावर ते गायले. ते देवधरांचेच शिष्य. त्यांचं भजन कुणाला उतरलेलं वाटलं? पण पखवाजवाले काका जे बोलले त्यावर मी गप्प झालो. "आरं, पट्टी खाली घेशील, पण पखवाज कुठं न्यायचा? ह्याच्या पुडीचा घेर काळी चारचा. काळी दोनला वढला तर पानी पडल्यावानी वाजंल." खरं आहे. खालच्या पट्टीला मोठ्या तोंडाचा पखवाज लागतो, नवा घ्यावा लागतो. इतकी वर्षं सगळ्या मंडळाचे गळे एका वाद्याच्या मापानं शिवले जात होते आणि हे मला, इंजिनिअर असून, दिसलं नव्हतं.

कुणी म्हणेल, गळे काय फक्त देवळातच बसतात? नाही. राहूपासून थोड्या अंतरावर चौफुल्याची कला केंद्रं आहेत. तिथल्या बाया रात्र रात्र ढोलकीवर गातात, तेही पोटासाठी. त्यांच्या घशाला तर आपण सेवाही म्हणत नाही. तिथं आवाज गेला की बाईचं गाणं संपलं, आणि तिला दुर्बीण लावायला पुण्याला कोण नेणार? स्पीच थेरपी शिकवणारं कॉलेज पुण्यातच आहे. तिथली मुलं महिन्यातून एक दिवस चौफुल्याला आणि राहूला का येऊ नयेत? कार्यशाळा घ्यायचीच तर ती देवळाच्या ओवरीत घ्या, फीशिवाय. आणि 'नाभी'ऐवजी आधी प्रत्येकाचा घसा बघा.

माझी घाई वेगळ्याच कारणानं आहे. धाकट्या चुलत्यांचा मुलगा चौदाचा आहे. मिशी फुटतेय, आवाज फुटतोय. या वयात स्वरयंत्र काही महिन्यांत वाढतं, पट्ट्या लांबतात, कालचा सूर आज लागत नाही. नेमका याच वर्षी नानांच्या जागी त्याला चाल म्हणायला उभा केलाय, काळी चारमध्येच, कारण "घराण्याचा गळा आहे." सूर चिरकला की तो लाजतो आणि आणखी जोर लावतो. सगळे कौतुकानं हसतात.

या सप्त्यात एक बॉक्स आत वळला. साऊंडवाल्याला मी दोनशे रुपये दिले आणि मंडळाला विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी कुणीतरी तो परत गावाकडं फिरवला. पखवाजाची चौकशी केलीय, वर्गणी काढायची की मी एकट्यानं द्यायचे यावर घरात वाद चालू आहे. नाना मागच्या ओळीत टाळ घेऊन बसतात, ओठ हलवत नाहीत. पोरगं वरच्या सुराला गेलं की त्यांचा हात आपोआप स्वतःच्या गळ्याकडं जातो.