निफाडचा पारा काय सांगत नाही

कार्तिक सरत आला की नाशिक जिल्ह्यातून रोज एक आकडा येऊ लागतो: निफाडचा किमान पारा. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात तो नोंदला जातो. दहाच्या खाली गेला की पहिल्या पानावर झळकतो, सोबत शेकोटीचा फोटो. तोच सोळा-सतरावर रेंगाळला की ‘थंडी गायब’ अशी बातमी होते आणि आठवडा वाया गेल्याचा सूर लागतो. माझं म्हणणं असं की या एका आकड्यावरून आठवडा बरा की वाईट हे ठरतच नाही. सौम्य रात्रींच्या दोन तऱ्हा असतात. कधी आभाळ मोकळं असतं, पण उत्तरेचं कोरडं वारं अजून पोचलेलं नसतं. कधी बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार होतं, पूर्वेकडून बाष्प येतं आणि ढग गोधडीसारखे जमिनीची ऊब धरून ठेवतात. पारा दोन्हीकडे सारखाच दिसेल. बागेतली सकाळ सारखी नसते.

ऑक्टोबरात गोडी छाटणी झालेली द्राक्षबाग या दिवसांत दोड्यातून फुलोऱ्याकडे निघालेली असते. कडाक्यात तिची वाढ खुंटते, त्यामुळे निरभ्र, सौम्य आठवडा तिला मानवतोच. ढगाळ आठवड्यात मात्र दिवस वर आला तरी पानं ओलीच राहतात, आणि डाऊनीला तेवढंच हवं असतं. या रोगाचे बीजाणू पाण्याच्या पातळ थरातून पोहत पानात शिरतात. पानाच्या वरच्या बाजूला तेलकट पिवळट डाग दिसतो. पान उलटावं तर त्याच जागी पांढरी बुरशी. ती घडावर गेली की फुलोरा सुकून गळतो. मग ब्लोअरच्या फेऱ्या वाढतात, औषधाच्या दुकानातली उधारीही. शेजारी हरभऱ्यावर घाटेअळी, उन्हाळ कांद्याच्या रोपांवर करपा. गव्हाचं गणित याहून निराळं. फुटवे यायचे तर त्याला थंडीच हवी. आभाळ मोकळं असलं तरी उबदार रात्री त्याच्या कामाच्या नाहीत. एकाच शिवारात एकाच आठवड्याचे असे दोन निकाल लागतात.

यावर कुणी म्हणेल, शेतकऱ्याला हे ठाऊक असतं, शिवाय हवामान खात्याचा कृषी सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतोच. शहरातल्या वाचकाला स्वेटर काढायचा की नाही एवढं कळलं तरी पुरे. पण हाच वाचक पुढे द्राक्षाच्या आणि कांद्याच्या भावावर तावातावाने बोलतो, तेव्हा भावामागचा आठवडा त्याला माहीत असलेला बरा. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: खरं नुकसान गारपिटीने होतं, सौम्य हवेचं काय घेऊन बसलात? 26 नोव्हेंबर 2023 रोजी निफाड भागात गारांनी बागा झोडपल्या, हे कोण विसरेल? पण गारपिटीचा फोटो निघतो, पंचनामा होतो, मदतीची मागणी तरी करता येते. ढगाळ आठवड्याचा पंचनामा कोण करणार? त्याचं नुकसान फवारणीच्या बिलांत आणि विरळ घडांत विखुरलेलं असतं. अर्थात एका उबदार आठवड्याचं खापर लगेच हवामान बदलावर फोडणंही उथळपणाच. तो निष्कर्ष दशकांच्या नोंदींवरून काढायचा असतो. किमान तापमानाशेजारी सकाळची आर्द्रता आणि आभाळाची स्थिती छापायला मात्र दोनच ओळी लागतात, आणि वेधशाळा या दोन्ही गोष्टी रोज नोंदवते.