पाण्यात वाढलेले ताट



शुक्रवारी आपल्या घरी भाताबरोबर मासळी येते. परंतु त्या मासळीचे ताट कोण वाढतो, आणि ते बारा महिने सारखेच भरलेले असते काय, याचा विचार आपण क्वचितच करतो. १०४ व्या स्तोत्राचा कर्ता मात्र जलचरांनाही देवाच्या हातून वेळच्या वेळी अन्न मिळते असे सांगतो. या 'वेळच्या वेळी'चा अर्थ समजून घ्यावयाचा, तर ब्राझीलमधील अमेझॉन नदीकाठच्या सरोवरांकडे दृष्टी टाकावी.

तेथे मानाउस शहरापाशी पाणी दरवर्षी सरासरी सुमारे १० मीटर चढते. जून महिन्यात पूर भरास येतो व ऑक्टोबर-नोव्हेंबरात ओसरतो. पूर आला की नदी, सरोवर आणि अरण्य एकच होतात. झाडे कित्येक महिने पाण्यात उभी राहतात. नेमक्या त्याच काळात अनेक वृक्षांची फळे पिकतात. तांबाकी नावाचा थोरला मासा तेव्हा अरण्यात शिरतो आणि दाढांसारख्या बळकट दातांनी रबराच्या कठीण बिया फोडून खातो. आपल्या बाजारात 'रूपचंद' म्हणून विकला जाणारा मासा याचाच भाईबंद. सुगीत तांबाकी अंगी चरबी साठवितो आणि पाणी उतरल्यावर बहुतांशी त्या पुंजीवरच दिवस काढतो. त्याची पिले मात्र सरोवरातच राहून कल्ल्यांच्या चाळणीने पाण्यातील सूक्ष्म जीव गाळून खातात. कित्येक बिया मोठ्या माशांच्या पोटातून अखंड बाहेर पडून दूरवर रुजतात. पाहुणा जेवून जातो, तो यजमानाचे शेत पेरून जातो!

आणखी एक नवल. काही मासे तळचा गाळ खातात. सरोवरावर तरंगत्या गवताचे रान माजलेले असते. तेव्हा गाळाचे सत्त्व त्या गवतातूनच येत असावे, असे कोणासही वाटेल. परंतु १९८६ साली शास्त्रज्ञांनी माशांच्या मांसातील कार्बन तपासला, तेव्हा तो मुख्यत्वे डोळ्यांस न दिसणाऱ्या शेवाळातून आल्याचे आढळले. दिसते ते विपुल, पण पोसणारे सूक्ष्म.

हे ताट आज डळमळू लागले आहे. गेल्या शतकात तागाच्या शेतीसाठी व पुढे गुरांच्या कुरणांसाठी नदीकाठची अरण्ये तोडली गेली. झाड गेले की माशाचा घास गेला, आणि कोळ्याच्या मुलांचाही. २०२३ साली मानाउसची नदी शंभराहून अधिक वर्षांच्या नोंदींतील नीचांकास उतरली. २०२४ साली त्याहूनही खाली गेली. २०२३ च्या त्या अवर्षणात तेफे सरोवराचे पाणी सुमारे ४० अंशांपर्यंत तापून शंभराहून अधिक नदी-डॉल्फिन मेले.

ऑक्टोबर २०१९ मध्ये रोम येथे अमेझॉनविषयी धर्मसभा भरली व २०२० साली पोप फ्रान्सिस यांनी 'केरिदा अमाझोनिया' हे पत्र लिहिले, त्यामागे हीच व्यथा होती.

ही गोष्ट दूरदेशची खरी. पण पहिल्या पावसात आपल्या ओहोळातून शेतात चढणारे मासेही पुराचीच वाट पाहत असतात. त्यांच्या पोटी गाभोळी असते. तेव्हा या मृगात ओहोळाच्या तोंडाशी आडवे जाळे लावण्यापूर्वी क्षणभर थांबावे, आणि तळ्याकाठचे उंबर-जांभूळ तोडण्यापूर्वीही. देवाने दुसऱ्यासाठी वाढलेले ताट आपण ओढून घेऊ नये. ते भरलेले राहिले, तरच आपलेही भरेल.