कल्पना पोचली, अधिकार कुठे अडला?



दिवाळी अंकाची आखणी सुरू झाली की विषयावर बराच खल होतो. यंदा तो लवकर मिटला. वाढता उन्हाळा, खोल जाणारे पाणी, ॲपच्या इशाऱ्यावर चालणारी रोजंदारी, माणसाच्या वतीने निर्णय घेऊ लागलेली यंत्रे, असे प्रश्न आज दारात उभे आहेत. त्यांच्यावरच्या नव्या कल्पना वाचकांपुढे मांडाव्यात, असे आम्हा सर्वांनाच वाटत होते. मात्र लेख हाती येऊ लागले तसे जाणवले की, कल्पनांची आपल्याकडे टंचाई नाही. गेल्या साठ वर्षांत एकट्या महाराष्ट्राने देशाला दिलेल्या कल्पना आठवल्या तरी अभिमान वाटावा. अडचण पुढच्या टप्प्यावर आहे. एखादा प्रयोग गावातून राज्यात आणि राज्यातून देशात जातो, तेव्हा त्यातली साधने, तक्ते, प्रशिक्षणाच्या पुस्तिका सगळे व्यवस्थित पोचते. पण त्या प्रयोगाने ज्यांच्या हाती अधिकार सोपवला होता, त्यांचा अधिकार वाटेत गळून पडतो. कल्पनेचा प्राण बहुतेक वेळा त्या अधिकारातच असतो.

रोजगार हमीचेच पाहा. दुष्काळी कामे आपल्याकडे ब्रिटिश अमदानीपासून निघत होती. दुष्काळ जाहीर व्हायचा, रस्त्यांवर खडी फोडायला माणसे लागायची आणि पाऊस पडला की काम बंद व्हायचे. काम कधी काढायचे, कुठे काढायचे, किती दिवस चालवायचे, हे सारे साहेबाच्या हाती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात जो प्रयोग सुरू करवला, त्याने हा क्रम उलटवला. काम मागणे हा मजुराचा हक्क आणि ते देणे हे सरकारचे कर्तव्य, अशी ती मांडणी होती. १९७२ च्या भीषण दुष्काळाने तिची गरज पटवून दिली, मजुरांच्या मोर्चांनी तिच्यामागे बळ उभे केले. १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. त्यासाठी पैसा उभा करायला नोकरदार आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवला गेला. आजही आपल्या पगारपत्रकात बहुतेक महिन्यांत जे दोनशे रुपये कापलेले दिसतात, ते शहराने खेड्यातल्या मजुराशी केलेल्या त्या कराराची खूण आहेत. २००५ साली संसदेने याच कल्पनेला देशव्यापी कायद्याचे रूप दिले.

या कायद्याचा कणा होता मजुराची मागणी. अर्ज द्यायचा, तारखेची पोच घ्यायची, पंधरा दिवसांत काम मिळाले नाही तर बेकारी भत्ता मागायचा. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी पोच देणेच टाळले जात होते. पोच नाही म्हणजे मागणी नाही, मागणी नाही म्हणजे भत्त्याचा प्रश्नच उरत नाही. काम मंजूर झाले की मागणी नोंदवून घ्यायची, असा उफराटा शिरस्ता पडला. पागे यांनी उलटवलेला क्रम पुन्हा पूर्ववत झाला. योजना राहिली, जॉबकार्डे राहिली, पण पोचपावतीच्या त्या चिटोऱ्याबरोबर मजुराचा हक्कही नाहीसा झाला.

आरोग्याच्या क्षेत्रातला अनुभव याहून वेगळा नाही. रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० साली जामखेडला काम सुरू केले. गावातल्या, बहुधा अक्षरओळखही नसलेल्या बायकांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून घडवले. १९८६ पासून गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने हा विचार आणखी पुढे नेला. बाळे जन्मल्यावर पहिल्या महिन्यात दगावत होती. दवाखाना दूर होता, वाहन मिळत नव्हते आणि बाळंतिणीने खोली सोडायची नाही अशी रीत होती. तेव्हा उपचारच घरी जाऊ द्या, असे त्यांनी ठरवले. एकोणचाळीस गावांतल्या शिकलेल्या बायका आरोग्यदूत झाल्या. बाळाचे वजन करणे, श्वास मोजणे, ऊब देणे हे त्यांनी शिकून घेतलेच. शिवाय जंतुसंसर्ग ओळखून प्रतिजैविकाचे इंजेक्शन देण्याची मुभाही त्यांना मिळाली. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने इथला नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटला होता.

२०११ मध्ये केंद्र सरकारने घरोघरी नवजात बालकांच्या काळजीचा कार्यक्रम हाती घेतला. देशभरातल्या आशाताई ठरलेल्या दिवशी बाळ पाहायला घरी जाऊ लागल्या. ही फार मोठी गोष्ट आहे. तिच्यामुळे वाचलेल्या प्रत्येक बाळाबद्दल आपण कृतज्ञ असायला हवे. मात्र वजनकाटा आला, थर्मामीटर आला, भेटींचा तक्ता आला, तरी इंजेक्शनचा अधिकार सर्वसाधारणपणे आशांपर्यंत आला नाही. दर्जाही आला नाही. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या सुमारे दहा लाख आशांचा गौरव केला, पण सरकारी कागदोपत्री त्या ‘स्वयंसेविका’च आहेत. त्यांना पगार नाही, मोबदला मिळतो. तो वाढावा आणि वेळेवर मिळावा म्हणून त्यांना आझाद मैदानात बसावे लागते. ज्या बाईच्या शहाणपणावर ही कल्पना उभी होती, तिच्यावर विश्वास टाकायला व्यवस्था अजून तयार नाही.

पाण्याच्या बाबतीत तर हे अधिकच स्पष्ट दिसते. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे या अभियंता उद्योजकाने पुरंदर तालुक्यातल्या नायगावात पाणी पंचायत उभी केली. तिचे नियम थोडके आणि कडक होते. पाणी जमिनीच्या मापाने नाही, घरातल्या माणसांच्या संख्येवर मिळणार. माणशी अर्धा एकर भिजेल एवढे पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपर्यंत. भूमिहीनालाही वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. ऊस लावायचा नाही. विहीर ज्याची त्याचे पाणी, ही समजूत हाडीमाशी रुजलेल्या मुलखात हा विचार केवढा धीट होता! पुढे हिवरे बाजार या गावाने दर वर्षी पडलेला पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडण्याची आणि त्यावरून ग्रामसभेत पिके ठरवण्याची शिस्त लावून घेतली.

या गावांची कीर्ती झाली आणि त्यांचे अनुकरणही झाले, पण कशाचे? चर खोदले, नाले रुंद केले, बंधारे बांधले. २०१४ च्या अखेरीस जाहीर झालेल्या जलयुक्त शिवार अभियानावर मोठा खर्च झाला. तरीही भूजल पातळी वाढवण्यात त्याला फारसे यश आले नसल्याचा शेरा महालेखापरीक्षकांच्या अहवालाने मारला. हा अहवाल २०२० मध्ये विधिमंडळापुढे आला. खोदकाम मोजता येते, त्याचे बिल निघते, फोटो काढता येतो. साठलेले पाणी कोणी, किती आणि कोणत्या पिकाला घ्यायचे, हे ठरवण्याचा अधिकार ग्रामसभेने वापरायचा तर गावातल्या बड्या बागायतदाराला ‘नाही’ म्हणावे लागते. तो भाग कोणत्याच अंदाजपत्रकात बसत नाही. आता उसाच्या मुळाशी ओलावा मोजणारी संवेदके आली आहेत, पाणी किती द्यावे हे संगणक सांगू लागला आहे. या तंत्राने पाण्याची बचत होईल, हे आनंदाचेच आहे. पण वाचलेले पाणी शेजारच्या कोरडवाहू शेताला मिळणार, की त्याच शेतकऱ्याचा ऊस दोन एकरांनी वाढणार, याचे उत्तर संवेदकाजवळ नाही. ते नायगावच्या नियमांत होते.

अधिकारासकट टिकलेली कल्पना शोधायची तर १९६९ च्या माथाडी कायद्याकडे पाहावे लागते. बाजारात पाठीवर ओझी वाहणाऱ्या हमालाला एक मालक नव्हता. सकाळी एका व्यापाऱ्याचे पोते, दुपारी दुसऱ्याचे. मग भविष्यनिर्वाह निधी कोणी भरायचा, अपघात झाला तर जबाबदार कोण? अण्णासाहेब पाटील आणि त्यांच्या सोबत्यांच्या लढ्यातून उत्तर निघाले. कामगाराची नोंद मंडळाकडे, मालकाचीही मंडळाकडे. मालकाने मजुरीवर ठरावीक लेव्ही भरायची आणि मंडळाने त्यातून निधी, बोनस, उपचार यांची सोय करायची. महत्त्वाचे म्हणजे या मंडळावर सरकार आणि मालकांच्या बरोबरीने कामगारांचे प्रतिनिधी बसतात. या कायद्यालाही कीड लागली. खोट्या नोंदी आणि माथाडीच्या नावाखालची खंडणी यांच्या तक्रारी झाल्या, त्यांचा बंदोबस्त व्हायलाच हवा. पण मूळ रचना अर्धशतकानंतरही उभी आहे.

आणि ती आज पुन्हा कामाला येते आहे. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार २०२०-२१ मध्ये देशात ७७ लाख लोक गिग कामगार होते. २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाखांवर जातील, असा अंदाज आहे. जेवणाचे डबे पोचवणारा, टॅक्सी चालवणारा, घरी येऊन नळ दुरुस्त करणारा हा कामगार म्हणजे आजचा हमालच. त्यालाही एक मालक नाही. राजस्थानने २०२३ मध्ये आणि कर्नाटकाने २०२५ मध्ये त्याच्यासाठी जे कायदे केले, त्यांत नोंदणी, कल्याण मंडळ आणि कंपन्यांकडून प्रत्येक व्यवहारामागे वसूल होणारे शुल्क आहे. हा माथाडीचाच साचा. त्यात एक नवी भर आहे. काम कोणाला द्यायचे, पैसे का कापले, खाते का बंद केले, हे ॲपमधले गणित ठरवते. ते कसे ठरवते हे जाणून घेण्याचा हक्क कर्नाटकाच्या कायद्याने कामगाराला दिला आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या काळातली ही पोचपावतीच आहे. ज्या राज्याने हा साचा घडवला, त्या महाराष्ट्राने यात मागे राहू नये.

कोणी म्हणेल, अधिकार खाली देणे गावापुरते ठीक आहे. मोठ्या पसाऱ्यात त्याने गोंधळ माजतो, चुका होतात, सर्वत्र सारखा दर्जा राखता येत नाही. ही शंका रास्त आहे. गडचिरोलीतही अधिकाराबरोबर काटेकोर प्रशिक्षण होते, प्रत्येक बाळाची नोंद होती, नियमित देखरेख होती. अधिकाराला जबाबदारीची जोड हवीच. पण पसारा मोठा असला की अधिकार वाटता येत नाही, हे खरे नाही. ओझोनच्या थराला भगदाड पडल्याचे १९८५ मध्ये उघड झाले, तेव्हा प्रश्न साऱ्या पृथ्वीचा होता. १९८७ च्या मॉन्ट्रियल कराराने विकसनशील देशांना घातक वायू बंद करण्यासाठी अधिक मुदत दिली. १९९० मध्ये त्यांच्या खर्चासाठी निधी उभारायचे ठरले, त्याच्या कार्यकारी समितीत सात जागा श्रीमंत देशांच्या आणि सातच इतरांच्या ठेवल्या गेल्या. पैसे देणारा एकटा हुकूम सोडणार नाही, ही तरतूद त्यातच होती. भारत १९९२ मध्ये करारात सामील झाला. आज ओझोनचा थर हळूहळू भरून येतो आहे. याउलट हवामान बदलाच्या वाटाघाटींत पैसा किती आणि तो कोणाच्या शब्दाने खर्च व्हायचा, यावर तिढा सुटत नाही. २०२४ मध्ये बाकूच्या परिषदेत २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलर उभे करण्याचा ठराव मंजूर झाला, तेव्हा भारताने त्यावर जाहीर नाराजी नोंदवली.

म्हणून नवी कल्पना समोर आली, मग ती सरकारी योजना असो, एखादे ॲप असो वा जागतिक करार, तिला दोन प्रश्न विचारायला हवेत असे आम्हाला वाटते. जिच्यावर तिचा परिणाम होणार आहे, ती व्यक्ती या निर्णयाला ‘नाही’ म्हणू शकते का? आणि तिला हिशेब पाहता येतो का? दोन्हींचे उत्तर नकारार्थी असेल, तर कल्पना कितीही चमकदार असली तरी ती आपल्या प्रश्नाला पुरी पडणार नाही.

या अंकातले वैचारिक लेख याच दोन प्रश्नांभोवती आहेत. कथा, कविता आणि ललित लेखनाला आम्ही विषयाचे बंधन घातलेले नाही. पण आपल्या काळाची धग त्यांतही वाचकांना जाणवेल.  

वाचकहो, आपल्याला एक विनंती. यातली एखादी कल्पना पटली तर ती आपल्या ग्रामसभेत, सोसायटीच्या बैठकीत, शाळेच्या व्यवस्थापन समितीत, युनियनमध्ये मांडा. मांडताना तिच्यातला अधिकाराचा मुद्दा आधी मांडा. त्यावरच खरी चर्चा होईल, विरोधही होईल. तो मोकळेपणाने होऊ द्या. काय घडले ते आम्हाला जरूर कळवा, पुढच्या वर्षीच्या अंकात त्यासाठी पाने राखून ठेवतो आहोत.



– संपादक